पशुवैद्यांची नोंदवही लोकांपुढे उघडा!

महाराष्ट्रातल्या लक्षावधी गाईम्हशींच्या कानांत आज १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला डुलतो आहे. तो क्रमांक संगणकात घातला, की जनावराची जात, वय, त्याला टोचलेल्या लसी आणि त्याच्या धन्याचे नाव हे सारे सरकारला बसल्या जागी कळते. मुक्या जनावरांची एवढी चोख नोंद ठेवणाऱ्या सरकारला आम्ही आज एक साधा प्रश्न विचारीत आहो. त्या गाईच्या शिरेत सुई खुपसणाऱ्या माणसाची नोंद गाईच्या धन्याने कोठे पाहावयाची? तो खरोखरच नोंदणीकृत पशुवैद्य आहे काय? त्याच्या नोंदणीची मुदत शिल्लक आहे काय? आणि त्याच्या हातून पूर्वी काही अक्षम्य प्रमाद घडून तो चौकशीअंती शाबीत झाला असेल, तर त्याचा निकाल कोणत्या फळ्यावर लावलेला आहे? गाईची कुंडली सरकारच्या हाती; पण गाईच्या वैद्याची कुंडली मात्र गाईच्या धन्याच्या हाती नाही, असा हा उफराटा न्याय आहे. तो बदलला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न चार-दोन असंतुष्टांच्या कुरकुरीचा नव्हे. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत या देशात ५३ कोटी ५७ लाखांहून अधिक पशुधन मोजले गेले. त्यापैकी सुमारे ३ कोटी ३० लाख एकट्या महाराष्ट्रात आहे. आपल्या राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गाईबैल आणि सुमारे ५६ लाख म्हशी आहेत. हे नुसते आकडे नव्हेत. यांतल्या प्रत्येक आकड्यामागे एक चूल पेटते आहे. कोरडवाहू मुलखात पाऊस दगा देतो, पीक करपते, तेव्हा डेअरीच्या दहा दिवसांच्या पगारावर मुलांच्या फिया भरल्या जातात आणि वाण्याची उधारी फिटते. अशा घरातली एक दुभती म्हैस चुकीच्या औषधाने गेली, तर त्या घराचा मिळवता माणूसच गेल्यासारखे होते. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या शिंगांना बेगड लावून आपण ज्याची पूजा करतो, त्या बैलाचा प्राण कोणाच्या हाती सोपवावा, हे जाणून घेण्याचा अधिकार शेतकऱ्याला नसावा, हे कोण न्याय्य म्हणेल?

शहरातल्या वाचकाने तरी हा गोठ्यातला प्रश्न समजून पान उलटू नये. त्याच्या दारात पहाटे येणाऱ्या दुधाचा उगम त्याच गोठ्यात आहे. कासेला दगडी झालेल्या म्हशीला कोणते प्रतिजैविक दिले, किती दिले, आणि त्यानंतर किती दिवसांचे दूध बाजारात पाठवू नये असे धन्याला बजावले की नाही, यावर शहरातल्या तान्ह्या मुलाच्या पेल्यातल्या दुधाची शुद्धता अवलंबून असते. शहरातल्या लहानमोठ्या वस्त्यांतून कुत्र्यामांजरांचे दवाखाने निघाले आहेत. तेथे भूल दिली जाते, पोट फाडून शस्त्रक्रिया केल्या जातात आणि पिसाळरोगाची लस टोचल्याचा दाखला सही करून हाती दिला जातो. शेजाऱ्याच्या मुलाला कुत्रे चावले, तर सारे कुटुंब त्या दाखल्याकडे डोळे लावून बसते. ती सही करणाराला सही करण्याचा अधिकारच नसेल तर? अथवा तो अधिकार त्याच्याकडून काढून घेतलेला असूनही त्याच्या दारावरची पाटी जागच्या जागीच असेल तर?

सहीची किंमत

पशुवैद्याच्या सहीला या देशात कायद्याने मोठी किंमत दिली आहे. १९८४ सालच्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने हा व्यवसाय नोंदणीच्या चौकटीत बसविला. त्या अधिनियमाच्या ३० व्या कलमाने नोंदणीकृत पशुवैद्याला काही अधिकार असे दिले आहेत, की ते दुसऱ्या कोणाला नाहीत. पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करण्याचा अधिकार त्याचा. कायद्याला लागणारे दाखले सहीनिशी देण्याचा अधिकार त्याचा. न्यायालयात पशुवैद्यकाचा तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकार त्याचा. पदविका वा प्रमाणपत्र घेतलेल्या पशुधन पर्यवेक्षकासारख्या लोकांना राज्य शासन किरकोळ उपचारांची परवानगी देऊ शकते. पण तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली.

ही सही पैशाची असते, हे २०२२ सालच्या लम्पी रोगाच्या साथीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दगावलेल्या दुभत्या जनावरामागे ३० हजार, ओढकामाच्या बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये अशी मदत शासनाने जाहीर केली. जनावर लम्पीनेच मेले, हे सांगावयाचे कोणी? पशुवैद्याने! विम्याचा दावा मंजूर व्हावयाचा कोणाच्या दाखल्यावर? पशुवैद्याच्या! एवढी सत्ता ज्याच्या लेखणीत आहे, त्याची ती लेखणी कोणी दिली आणि ती त्याने कशी चालविली, याचा हिशेब गुप्त राहू शकत नाही.

आणि ही सत्ता केवळ लेखणीत नाही, सुईतही आहे. जनावरांच्या वेदनांवर वापरल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या एका औषधाने या देशातल्या गिधाडांचा काय संहार केला, हे आता जगजाहीर आहे. ज्या जनावरांना ते टोचले गेले, त्यांचे मृतदेह खाऊन १९९० च्या दशकापासून गिधाडांच्या तीन जाती ९० टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांच्या उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवावयाच्या कोलिस्टिनवर, खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांपुरती, २०१९ साली बंदी आली. २०२३ साली अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांचीही तीच गत झाली. बंदीचा हुकूम दिल्लीहून निघतो. पण तो पाळावयाचा की मोडावयाचा, हे ठरते खेड्यातल्या गोठ्यात, मोटारसायकलीच्या डिकीतून औषधाची पेटी बाहेर काढणाऱ्या माणसाच्या हाती. तो माणूस कोण, हे विचारणे म्हणजे कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावणे होत नाही.

रिकामी जागा बोलत नाही

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे, असे मात्र नव्हे. १९८४ च्या अधिनियमानेच पशुवैद्यांचे अखिल भारतीय नोंदणीपुस्तक ठेवावयास सांगितले, ते वेळोवेळी सुधारून भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध करावयास सांगितले, आणि ते सार्वजनिक दस्तऐवज मानावे असेही लिहून ठेवले. म्हणजे कोण पशुवैद्य आहे, ही माहिती लोकांची आहे, हे संसदेने चार दशकांपूर्वीच मान्य केलेले आहे. तेव्हा ‘ही आमच्या खात्याची अंतर्गत बाब आहे’, असे कोणा अधिकाऱ्याने म्हणावयाचे ठरविले, तर त्याला आम्ही तोच कायदा पुन्हा वाचावयास सांगू.

पण येथेच एक मोठी मेख आहे. नोंदणीपुस्तकात नावे असतात ती आज नोंदलेल्यांची. गैरवर्तन शाबीत झाले, तर राज्य पशुवैद्यक परिषद संबंधिताचे म्हणणे ऐकून घेऊन त्याचे नाव काही मुदतीपुरते वा कायमचे वगळू शकते. नाव वगळले गेले म्हणजे नोंदणीपुस्तकात मागे काय उरते? रिकामी जागा! आणि रिकामी जागा बोलत नाही. तो गृहस्थ वारला, की परराज्यात गेला, की त्याने नूतनीकरणाची फी भरली नाही, की बनावट दाखले दिल्याबद्दल त्याला घालवून दिले, हे त्या रिकाम्या जागेवरून कोणा ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. बरे, सहा महिन्यांसाठी नाव वगळलेला मनुष्य सातव्या महिन्यात परत आला, की त्याचे नाव पूर्ववत् झळकू लागते आणि मधल्या सहा महिन्यांचा मागमूसही राहत नाही. ज्याला नुसती ताकीद मिळाली, त्याचे तर नाव कधी हललेच नव्हते. चौकशी झाली, साक्षी झाल्या, दोष शाबीत झाला, निकाल लागला. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्या लोकांना मात्र त्याचा पत्ता नाही. शिस्तभंगाच्या कारवाईचा हेतू काय केवळ फाइलीचे पोट भरण्याचा आहे?

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे आपण म्हणतो. पण पुढच्याला ठेच लागली, हे मागच्याला कळले तर तो शहाणा होणार ना! एका तालुक्यात ज्याच्या निष्काळजीपणाने चार गोठे रिकामे झाले, तो शेजारच्या तालुक्यात नवी पाटी लावून बसला, तर तेथल्या शेतकऱ्याने शहाणे व्हावे तरी कसे? राज्याच्या सीमेवर तर हा प्रश्न आणखी बिकट आहे. सिंधुदुर्गातून गोव्यात आणि कोल्हापुरातून बेळगावात जावयास तासा-दोन तासांचा रस्ता. जनावरांचे बाजार दोन्हीकडचे एकमेकांत मिसळलेले. एका राज्याच्या परिषदेने दिलेला निकाल दुसऱ्या राज्यातल्या शेतकऱ्याला दिसत नसेल, तर राज्याची सीमा ही अपराध्याला लपण्याची जागा होते.

गाय तीस दिवस थांबत नाही

‘माहितीचा अधिकार आहे ना? मग अर्ज करा!’ असे उत्तर कोणी देईल. माहितीच्या अधिकाराचे महत्त्व महाराष्ट्राला कोणी सांगावयास नको. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अंमलात येण्यापूर्वीच या राज्याने आपला स्वतःचा कायदा केला होता, आणि त्यामागे येथल्या लोकांची चळवळ होती. पण अर्जाला उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. पोट फुगून तडफडणारी गाय तीस दिवस थांबत नाही, आणि अडलेली म्हैस प्रथम अपिलाच्या सुनावणीची वाट पाहत नाही. त्याच कायद्याच्या ४ थ्या कलमात असे स्पष्ट सांगितले आहे, की सार्वजनिक प्राधिकरणांनी होता होईल तेवढी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, म्हणजे लोकांना अर्ज करण्याची पाळीच कमीत कमी येईल. कायद्याने स्थापन झालेली पशुवैद्यक परिषद या कलमाच्या बाहेर कशी राहील?

त्यातच आता या अर्जाच्या वाटेवर एक नवी धोंड येऊन पडली आहे. माहिती अधिकार कायद्याच्या ८ (१) (ञ) या कलमात वैयक्तिक माहितीला संरक्षण होते; पण त्याला अटी होत्या. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसला पाहिजे, अथवा ती उघड केल्याने कोणाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असले पाहिजे; आणि तरीही व्यापक जनहितासाठी ती देता येत असे. शिवाय, जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही नागरिकाला नाकारता येणार नाही, असा मोठा लोकशाहीचा दिलासा त्यात होता. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने हे सारे पुसून टाकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अंमलात आली, आणि आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द उच्चारून कोणताही माहिती अधिकारी हात झटकू शकतो. जनहिताचा तराजू ८ (२) या कलमात अजून शिल्लक आहे, हे खरे. पण त्या तराजूपर्यंत पोहोचण्यासाठी सामान्य माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतील, हे ज्याने एकदा तरी सरकारी कचेरीचा उंबरठा ओलांडला आहे त्याला सांगावयास नको.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ सालच्या एका निर्णयाचाही येथे आधार घेतला जातो. एका सरकारी नोकराला मिळालेल्या ताकिदी आणि कारणे दाखवा नोटिसा ही नोकर व मालक यांच्यामधली बाब असून ती सामान्यतः वैयक्तिक माहिती होय, असे त्यात म्हटले होते. त्या निर्णयाचा आदर राखूनच आम्ही म्हणतो, की नोकरी निराळी आणि परवाना निराळा. पशुधन विकास अधिकारी कचेरीत उशिरा आला, म्हणून त्याला वरिष्ठाने खडसावले, तर ती त्या दोघांची बाब असेल. पण पशुवैद्य म्हणून त्याची नोंदणी कोणा मालकाने केलेली नाही. ती लोकांच्या नावाने कायद्याने केलेली आहे. परिषद ही त्याची मालक नव्हे, ती लोकांची विश्वस्त आहे. विश्वस्ताने दिलेला निकाल ज्याच्या मालकीची ठेव आहे त्यालाच दाखवावयाचा नाही, हा कोठला विश्वस्तधर्म?

सुदैवाने या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट त्या २०२३ च्या अधिनियमातच आहे. जी माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन दुसऱ्या एखाद्या कायद्याने घातलेले आहे, आणि त्या बंधनानुसार जी प्रसिद्ध झाली आहे, तिला हा अधिनियम लागूच होत नाही. तेव्हा उपाय उघड आहे. केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेने विनियम करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषदेला आहे. तिने एक विनियम करून शिस्तभंगाचे अंतिम निकाल प्रसिद्ध करणे प्रत्येक राज्य परिषदेवर बंधनकारक करावे. एवढे झाले, की खासगीपणाची ढाल पुढे करण्याचे कारणच उरणार नाही. यासाठी घटना दुरुस्त करावयास नको की नवे खाते काढावयास नको. पाहिजे आहे ती फक्त इच्छा!

अब्रू कोणाची?

पशुवैद्यांच्या बाजूने काही आक्षेप घेतले जातील, आणि त्यांतले सगळेच टाकाऊ नाहीत. रात्री-अपरात्री चिखल तुडवीत जाऊन, कंदिलाच्या नाही तर मोबाईलच्या उजेडात अडलेल्या गाईची सोडवणूक करणारे पशुवैद्य या महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून या विद्येची एक थोर परंपरा येथे नांदते आहे. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने दर ५ हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा अशी शिफारस केली होती. आणि आजही खेड्यातल्या पशुवैद्यावर कामाचा केवढा बोजा आहे, हे आम्ही जाणतो. जनावर मेले म्हणजे दोष नेहमी डॉक्टरचाच असतो, असेही नाही. पुष्कळदा त्याला बोलावणे जाते तेच सारे घरगुती उपाय थकल्यावर. अशा माणसाविरुद्ध कोणीही उठून तक्रार करावी आणि त्याचे नाव चव्हाट्यावर यावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

म्हणूनच आमची मागणी तक्रारींच्या नव्हे, निकालांच्या प्रसिद्धीची आहे. तक्रार म्हणजे गुन्हा नव्हे. चौकशी चालू असेतोवर नाव गुप्त राहावे. तक्रार खोटी ठरली, तर ते कायमचे गुप्त राहावे. पशुवैद्याचे घर कोठे, त्याचा खासगी दूरध्वनी कोणता, त्याचे आजारपण काय, हे कोणाला पाहावयास मिळू नये. तक्रारदाराच्या नावालाही तेवढेच संरक्षण असावे. अपिलात निकाल फिरला, तर ज्या जागी शिक्षा छापली त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत, निर्दोषत्वही छापले जावे. आणि किरकोळ प्रमादाबद्दलची ताकीद काही वर्षांनी पुसली जावी. कारण सुधारलेल्या माणसाला जन्मभर डाग लावून ठेवणे हा न्याय नव्हे. एवढी पथ्ये पाळल्यावर कोणा सच्च्या पशुवैद्याने भिण्याचे कारण काय? कर नाही त्याला डर कशाला?

उलट, आजच्या गुप्ततेने खरे नुकसान होते ते सच्च्या पशुवैद्याचेच. निकाल दिसत नाहीत, म्हणून कुजबूज वाढते. आणि कुजबूज शिकलेला व न शिकलेला, प्रामाणिक व लबाड, असा भेद करीत नाही. चार-दोन नालायकांचे पाप साऱ्या व्यवसायाच्या माथी बसते. पाच वर्षे खपून पदवी घेतलेल्या मुलाच्या शेजारी, कोठेतरी औषधाच्या दुकानात चार महिने उमेदवारी करून ‘डॉक्टर’ म्हणवून घेणारा बोगस इसम निम्म्या पैशात सुई टोचतो, आणि गावाला दोघांतला फरक सांगणारा एकही कागद हाताशी नसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणतात. पण ज्याच्या मुठीत खरेच सव्वा लाख आहेत त्याने ती झाकून का ठेवावी? मूठ झाकण्यात हित असते ते रित्या मुठीचे!

दुसरा आक्षेप असा, की खेड्यातल्या शेतकऱ्याला डॉक्टर निवडण्याची सोयच कोठे आहे? आहे तो एकच, मग नोंदवही पाहून तो करणार काय? हा आक्षेप म्हणजे, विहीर एकच आहे, तेव्हा तिच्यातले पाणी विषारी आहे की काय हे तपासू नका, असे म्हणण्यासारखे आहे. निवड नसते तेथेच चौकशीची गरज अधिक. शिवाय नोंदवही केवळ डॉक्टर निवडण्यासाठी नसते. पंचायतीने, दूध संघाने, विमा कंपनीने, पालिकेने कोणाच्या सहीवर विश्वास ठेवावा, हेही तीच सांगते. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे ठेके देणाऱ्या महापालिकांनी तर ती सर्वांत आधी पाहावयास हवी.

जगात हे काही नवल नाही. इंग्लंडात १८४४ साली सनद मिळालेले रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स आज आपले नोंदणीपुस्तक इंटरनेटवर कोणालाही पाहू देते. १९६६ सालच्या तेथील कायद्याखाली चालणाऱ्या शिस्त समितीच्या सुनावण्या सामान्यतः खुल्या असतात आणि तिचे निकाल कारणांसह प्रसिद्ध होतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पशुवैद्याचे नाव घालताच त्याचा परवाना आणि त्याच्यावर झालेली शिस्तभंगाची कारवाई, दोन्ही समोर येतात. यामुळे त्या देशांतले पशुवैद्य देशोधडीला लागल्याचे कोणी ऐकले नाही. आणि परदेश तरी कशाला? माणसांच्या डॉक्टरांचे नोंदणीपुस्तक आपल्याच देशात इंटरनेटवर पाहता येते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने तर २०२५ मध्ये ‘आपल्या डॉक्टरला ओळखा’ अशा अर्थाचा उपक्रम हाती घेऊन दवाखान्यातल्या एका चौकोनी चिन्हावर डॉक्टरच्या नोंदणीची माहिती आणून ठेवली. माणसाच्या डॉक्टरला जे लागू, ते जनावराच्या डॉक्टरला का नको? रुग्णाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या बाजूने अधिकच काटेकोर असावयास हवे. माणसाचा रोगी निदान कोठे दुखते ते तरी सांगतो!

आमच्या मागण्या

तेव्हा आमच्या मागण्या मोजक्या आणि स्वच्छ आहेत. राज्य पशुवैद्यक परिषदेने प्रत्येक पशुवैद्याचे नाव, नोंदणी क्रमांक, पदवी आणि नोंदणीची मुदत मराठीत, नावावरून व तालुक्यावरून शोधता येईल अशी इंटरनेटवर ठेवावी; आणि ज्याच्या हाती मोबाईल नाही त्याच्यासाठी तीच यादी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर वर्षी लावावी. ज्याच्याविरुद्ध अंतिम निकाल लागला, त्याच्या नावापुढे तो निकाल, त्याची थोडक्यात कारणे आणि अपिलाची स्थिती नोंदविलेली असावी. पशुवैद्याच्या पाटीवर, चिठ्ठीवर आणि दाखल्यावर नोंदणी क्रमांक ठळक असावा. एका राज्यातला निकाल अखिल भारतीय नोंदणीपुस्तकात तत्काळ उमटावा. आणि वर्षाला किती तक्रारी आल्या, किती फेटाळल्या, किती शाबीत झाल्या, किती पडून आहेत आणि किती दिवस, याचा हिशेब परिषदेने दर वर्षी जनतेपुढे मांडावा.

या शेवटच्या मागणीवर आम्ही विशेष भर देतो. परिषदेत पशुवैद्यांनी निवडून दिलेले, शासनाने नेमलेले आणि पदसिद्ध सभासद बसतात. व्यवसायबंधूंनी व्यवसायबंधूंचा न्याय करावा, यात आम्हांला वावगे काही दिसत नाही. त्या विद्येतले बारकावे त्यांनाच कळणार. पण घरचाच न्याय घराचे दार लावून होऊ लागला, की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, मग तो न्याय कितीही चोख असो. दार उघडे असेल, तरच आतल्या न्यायाधीशाची अब्रू राहते.

पशुसंवर्धन मंत्र्यांनी या बाबतीत केंद्राकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. राज्य परिषदेचा कारभार राज्यात चालतो; फळ्यावर यादी लावावयास दिल्लीची परवानगी लागत नाही. विधिमंडळातल्या ग्रामीण सभासदांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न सरकारला विचारावा. दूध संघांनी आणि बाजार समित्यांनी तसे ठराव करावेत. आणि पशुवैद्यांच्या संघटनांनी या मागणीला विरोध करण्याऐवजी तिचे पुढारपण घ्यावे. कारण त्यांच्या पदवीची राखण करणारी याहून बळकट भिंत दुसरी नाही.

जनावराला मत नाही, वाचा नाही, वकील नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याच्या धन्याला आहे, आणि धन्याला तो अधिकार बजावता यावा म्हणून त्याच्या हाती माहिती असली पाहिजे. सरकारने गाईच्या कानाला क्रमांक लावला, तो तिच्या भल्यासाठी लावला, असे आम्ही समजतो. आता तिच्या वैद्याच्या क्रमांकावरचा पडदाही त्याच भल्यासाठी दूर करावा. नोंदवही लोकांच्या नावाने ठेवलेली आहे. ती लोकांना वाचू द्या!